बंगळूरचा वर्तुळ रस्ता : पहिला हक्क कोणाचा?

बंगळूरच्या बाह्य वर्तुळ रस्त्याचा सिल्क बोर्ड चौक ते कृष्णराजपुरम हा सुमारे १७ किलोमीटरचा टप्पा ‘जागतिक दर्जाचा’ करण्याचे कर्नाटकातील काँग्रेस सरकारने २०२५ साली ठरविले व त्यासाठी सुमारे ४०० कोटी रुपये मंजूर केले. पावसात तुंबणारा हा रस्ता सुधारावा याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. वाद आहे तो त्यावर पहिला हक्क कोणाचा, याबद्दल.

शहराबाहेरून वाहतूक वळविण्यासाठी आखलेला हा रस्ता आज बेळ्ळंदूर, मारतहळ्ळी अशा दाट वस्त्यांच्या मधून जातो. दोन्ही बाजूंना संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. त्या बांधणारे, झाडणारे, रात्री राखणारे मजूर मागच्या झोपड्यांत राहतात. जानेवारी २०२० मध्ये बेळ्ळंदूरजवळच्या करियम्मन अग्रहार येथे अशाच मजुरांना ‘बांगलादेशी’ ठरवून त्यांच्या झोपड्या पाडण्यात आल्या. उच्च न्यायालयाने ही कारवाई बेकायदेशीर असल्याचे म्हटले. या माणसांजवळ मोटार नाही. ती पायी चालतात किंवा बसने जातात.

याच रस्त्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये बससाठी राखीव मार्गिका सुरू झाली होती. खांब रोवून एक पट्टा वेगळा काढला, एवढेच. उड्डाणपूल नाही, कर्ज नाही, कुणाचे घर पाडणे नाही. पुढे टाळेबंदी आली, मेट्रोचे काम सुरू झाले आणि तो पट्टा मोटारींच्या गर्दीत नाहीसा झाला. पुण्याच्या वाचकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. २००६ साली कात्रज ते हडपसर मार्गावर गाजावाजाने आलेल्या बीआरटीचे पुढे काय झाले, आणि नगर रस्त्यावरील बीआरटी कशी उखडली गेली, ते त्यांनी पाहिले आहे.

मेट्रो येणार, मग बसला जागा कशाला, असे विचारले जाते. मेट्रो हवीच. परंतु फेब्रुवारी २०२५ मध्ये तिचे कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपयांवर नेण्यात आले. उलट ‘शक्ती’ योजनेने जून २०२३ पासून स्त्रियांचा साध्या बसमधील प्रवास मोफत झाला. म्हणजे मोलकरणीला तिकीट माफ, पण तिची बस मोटारींच्या रांगेत अडकलेली! तिच्या वेळेची किंमत सरकारच्या हिशेबात कुठेच धरलेली दिसत नाही.

पैसा नाही, ही सबबही टिकत नाही. हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या सुमारे १७ किलोमीटरच्या भुयारी रस्त्यासाठी याच सरकारने १७ हजार कोटींहून अधिक खर्चाचा आराखडा पुढे रेटला, आणि त्यावर टोल भरून जाणार मुख्यतः मोटारवालेच. २०१७ मध्ये बसवेश्वर चौक ते हेब्बाळ हा पोलादी उड्डाणपूल नागरिकांच्या विरोधामुळे रद्द करावा लागला होता. तो धडा विसरला गेला.

सप्टेंबर २०२५ मध्ये एका कंपनीच्या प्रमुखाने खड्ड्यांना कंटाळून बेळ्ळंदूर सोडण्याचे जाहीर करताच मंत्र्यांची धावपळ उडाली. एप्रिल २०१६ मध्ये भविष्यनिर्वाह निधीवर घाला आला, तेव्हा सिल्क बोर्डच्या दक्षिणेकडे होसूर रस्त्यावर हजारो वस्त्रोद्योग कामगार स्त्रिया उतरल्या. त्यांच्या वाट्याला लाठ्या व अश्रुधूर आला. तरी दोनच दिवसांत केंद्र सरकारला ते नियम मागे घ्यावे लागले.

तीच संघटित ताकद आता रस्त्याच्या आराखड्याकडे वळली पाहिजे. निविदेतील कामांच्या यादीत बसची राखीव मार्गिका, सलग पदपथ आणि जिना न चढता रस्ता ओलांडण्याची सोय यांचा उल्लेख आहे की नाही, हे कामगार संघटनांनी प्रत्येक वस्तीत जाऊन लोकांना वाचून दाखवावे. नसेल, तर डांबर पडण्याच्या आधी तो घालून घ्यावा लागेल.