रजेचे कारण नको, रजा सांगा

‘मुख्याध्यापक हजर आहेत की रजेवर, ही शाळेची आतली बाब आहे. पालकांना ती कळवण्याची काही गरज नाही.’ दापोलीतल्या एका चर्चेत शिक्षणक्षेत्रात उभी हयात घालवलेल्या एका गृहस्थांनी हे ठासून सांगितले आणि समोरच्या बऱ्याच माना डोलल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आजारपण ही खासगी गोष्ट आहे. सांगितले की गावात अफवा उठतात. पालक बिथरतात आणि मुले दुसऱ्या शाळेत घालतात. शाळांवर आधीच कागदांचा डोंगर आहे. आणि शेवटचे, सर्वांत लागलेले वाक्य म्हणजे, ‘खेड्यातल्या पालकाला यात रस तरी कुठे असतो?’

मी बुरोंडीत राहते. या गावातला पालक काय करतो, हे त्या गृहस्थांनी एकदा येऊन पाहावे. १ जूनपासून मासेमारीबंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि जूनच्या मध्याला शाळा सुरू होते तेव्हा बाप घरी असतो. बंदी उठली की तोच बाप पहाटेच्या अंधारात पाण्यात असतो. कितीतरी घरांत तो मुंबईला नोकरीला असतो आणि शाळेचा सगळा व्यवहार आईच्या अंगावर पडतो. ही आई मासळी विकून, जाळी आवरून, वेळ काढून शाळेत येते. तिला रस नाही म्हणणाऱ्याने तिच्याशी एकदा तरी बोलायला हवे होते.

खासगीपणाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच तो इथे गैरलागू आहे. मुख्याध्यापक बाईंना काय झाले, ऑपरेशन कसले, प्रसूतीची रजा की घरातले दुखणे, हे कुणालाही सांगू नये. पालकाने विचारले तरी सांगू नये. पण रजेचे कारण वेगळे आणि रजा वेगळी. ‘मुख्याध्यापक अमुक तारखेपासून शाळेत नाहीत’ या वाक्यात कुणाचे गुपित फुटते?

आता अफवांकडे येते, कारण सगळा युक्तिवाद याच खुंटीला टांगलेला आहे. सांगितल्याने अफवा उठतात, असे म्हणणाऱ्याला किनाऱ्यावरचे गाव माहीतच नाही. मुख्याध्यापकांची गाडी दोन दिवस दिसली नाही की तिसऱ्या दिवशी त्याचा अर्थ लावून झालेला असतो. बदली झाली, निलंबन झाले, पैशाचे काहीतरी आहे, गावातल्या कुणाशी तरी भांडण झाले. मासळी उतरण्याच्या जागी एक गोष्ट तयार होते, एसटीच्या थांब्यावर दुसरी, आणि संध्याकाळी मुले घरी येतात ती तिसरी घेऊन. शाळा गप्प राहिली म्हणून गाव गप्प राहत नाही. शाळेने मोकळी सोडलेली जागा गाव आपल्या परीने भरते, आणि भरताना माणसाच्या अब्रूचा विचार करत नाही.

यात सर्वांत जास्त मार बसतो तो प्रामाणिक मुख्याध्यापकाला. तो गैरहजर असतो तेव्हा बहुतेक वेळा सरकारी कामावरच असतो. पंचायत समितीत बैठक, केंद्रावर शिक्षण परिषद, प्रशिक्षण, मतदारयादीचे काम. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे म्हटले आहे. पण ही तीनच कामे किती दिवस खातात, हे कुठल्याही गुरुजींना विचारा. त्यात आमच्या बाजूच्या शाळा लहान. पहिली ते पाचवीसाठी मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद मिळायला कायद्याच्या परिशिष्टात दीडशेच्या वर पट सांगितला आहे. वाडीवस्तीवरच्या शाळांत तेवढी मुले कुठून आणायची? म्हणून तिथला मुख्याध्यापक हा खरे तर चार्ज सांभाळणारा ज्येष्ठ शिक्षक असतो. तो वर्गही घेतो, आहाराचा हिशोबही ठेवतो आणि तालुक्याच्या बैठकीलाही जातो. दोनशिक्षकी शाळेत तो दापोलीला गेला की उरलेल्या एका बाईंच्या समोर सगळे वर्ग बसतात. कुंपणावरून बघणाऱ्या पालकाला एवढेच दिसते की गुरुजी आजही नाहीत. तो म्हणतो, ‘गुरुजी शाळेत येतच नाहीत.’ हे खोटे आहे, अन्यायाचे आहे, आणि ते खोडायला एक ओळ पुरली असती. हालचाल रजिस्टरात ती ओळ लिहिलेलीही असते. पण ते रजिस्टर कपाटात असते.

याच अविश्वासातून २०२२ साली काय घडले ते आठवते का? शिक्षक स्वतः न येता दुसऱ्याला वर्गावर उभे करतात अशी ओरड झाली, आणि ‘आपले गुरुजी’ म्हणून शिक्षकांचे फोटो वर्गात लावण्याचे फर्मान राज्यभर निघाले. त्या वेळी केवढा वाद पेटला होता! शिक्षकांना तो अपमान वाटला आणि तो होताच. मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते, भिंतीवरचा फोटो पालकाला एवढेच सांगतो की गुरुजी दिसतात कसे. आज ते आहेत का, नसतील तर त्यांच्या जागी कोण, हे त्याला हवे होते. त्याचे उत्तर फोटो देत नाही.

आणि हे उत्तर हवे असते ते निव्वळ कुतूहलापोटी नव्हे. मुख्याध्यापकाच्या सहीवाचून या राज्यात मुलाचे पानही हलत नाही. बोनाफाइड, शाळा सोडल्याचा दाखला, जातपडताळणीसाठी जनरल रजिस्टरचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, नवोदयच्या परीक्षेसाठीचे प्रमाणपत्र. यातल्या बऱ्याच गोष्टींना शेवटची तारीख असते. मुंबईहून दोन दिवसांची सुट्टी काढून आलेल्या बापाला शाळेच्या दारात ‘साहेब नाहीत, उद्या बघा’ असे ऐकावे लागते. उद्या कोण बघणार? चार्ज कुणाकडे आहे? सहीचा अधिकार त्याला आहे का? हे दारातल्या माणसालाही माहीत नसते. त्या बापाचा मोडलेला दिवस आणि बुडालेली मजुरी ‘आतली बाब’ नाही, ती त्याच्या घरात पोचते.

पालक बिथरून मुले काढतात, या भीतीला मी एका प्रश्नाने उत्तर देते. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करायचा निर्णय राज्याने जाहीर केला, तेव्हा पालकांचा विश्वास कशाने उडाला होता? माहितीने, की ती ऐनवेळी कानावर आल्याने? २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातले शेकडो शिक्षक एकदम निघून गेले. शाळा उघडल्यावर मुलांना ओळखीचे गुरुजी दिसेनात. पुढे जुलैत निवृत्त शिक्षकांना वीस हजार रुपये मानधनावर नेमायचा शासन निर्णय निघाला. बदल्या शाळेच्या हातात नव्हत्या हे मान्य. पण आपल्या मुलाला आता कोण शिकवणार, हे आधी सांगणे तरी हातात होते.

कागदांच्या डोंगराबद्दल एवढेच: टाळेबंदीत अभ्यास पाठवायला वर्गावर्गाचे व्हॉट्सअ‍ॅप गट झाले, ते कुठे गेले? त्यांवर एक ओळ टाकायला कागद लागत नाही.

कायदा काय म्हणतो हेही पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार मुलाची उपस्थिती, त्याची प्रगती पालकांना बैठका घेऊन सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. मूल दोन दिवस आले नाही तर घरून चिठ्ठी मागतात आणि ती मागावीच. शाळेचा प्रमुख आला नाही तर पालकाला चिठ्ठी द्यायची तरतूद मात्र मला त्यात कुठे सापडली नाही. कलम २१ खाली शालेय व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि शाळेच्या कामकाजावर देखरेख हे तिचे पहिले काम. छान. पण समितीचा सदस्य सचिव कोण? मुख्याध्यापक! बैठकीची सूचना तोच काढणार, इतिवृत्त तोच लिहिणार. म्हणजे तो महिनाभर नसेल तर ज्यांनी विचारायचे त्यांना बोलावणाराच जागेवर नाही. अनुदानित खासगी शाळांत तर २०१२ च्या दुरुस्तीने ही समिती नुसती सल्लागार उरली. ‘समिती आहे ना, तिला विचारा’ असे सांगणाऱ्यांनी हे वाचून मग बोलावे.

माझी मागणी फार मोठी नाही. मुख्याध्यापक सलग तीन दिवसांहून जास्त नसणार असतील तर शाळेच्या फळ्यावर आणि पालकांच्या गटावर चार ओळी याव्यात. कधीपासून नाहीत, चार्ज कुणाकडे, सह्या कोण करणार आणि पुढची माहिती कोणत्या तारखेला. परतीची तारीख माहीत नसेल तर तसे लिहावे, पण पुढचे कधी सांगणार ते लिहावेच. वाचता न येणाऱ्या आजीसाठी मुलांना परिपाठात तोंडी सांगावे. एका दिवसाच्या बैठकीला फळ्यावर ‘दापोलीला बैठक’ एवढे पुरे. रजा लांबली तर समितीची बैठक अध्यक्षांनी, म्हणजे पालकानेच, बोलवावी. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांना मुख्याध्यापकाचे आणि समितीच्या अध्यक्षाचे नाव संकेतस्थळावर जाहीर ठेवावे लागते. आपल्याला संकेतस्थळही नको, खडू आहे.

अशा सूचनेचा नमुना मी लिहून ठेवला आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो ठराव म्हणून मांडणार आहे, आणि त्या गृहस्थांना येऊन विरोधात बोलायचे असेल तर त्यांनी जरूर यावे.