फुकटाच्या प्लगिनची किंमत

शाळा, महाविद्यालय किंवा पतपेढी यांना स्वतःचे संकेतस्थळ उभारणे आज फारसे खर्चाचे राहिलेले नाही. २००३ साली सुरू झालेली वर्डप्रेस ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. मूळ प्रणालीत जे नाही, ते ‘प्लगिन’ या जोडभागांनी पुरवता येते. असे हजारो प्लगिन उपलब्ध असून त्यांतील बरेचसे फुकट आहेत. परंतु घराला जोडलेली प्रत्येक खोली आपल्याबरोबर एक नवे दारही आणते, याचे भान फारसे ठेवले जात नाही.

सप्टेंबर २०२० मधील ‘फाइल मॅनेजर’ प्लगिनचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. सुमारे ७ लाख संकेतस्थळांवर ते बसवलेले होते. त्यात वापरलेल्या दुसऱ्या एका सॉफ्टवेअरची नमुना-फाइल चालू अवस्थेत राहून गेली आणि पासवर्डवाचून कोणाही परक्याला आपल्या फाइली तेथे चढवता येऊ लागल्या. दुरुस्त आवृत्ती १ सप्टेंबरलाच निघाली. पण ती ज्याची त्याने बसवून घ्यावयाची होती. हल्लेखोर तोवर थांबले नाहीत.

२०१७ मधील ‘डिस्प्ले विजेट्स’चे उदाहरण तर अधिक चिंताजनक होय. सुमारे २ लाख संकेतस्थळांवरील हे प्लगिन मूळ कर्त्याने विकले. नव्या मालकाने अद्ययावत आवृत्तीच्या नावाखाली त्यात चोरवाट ठेवली आणि परक्यांच्या संकेतस्थळांवर आपला मजकूर झळकवण्याची सोय करून घेतली. ज्यांनी प्रामाणिकपणे नवी आवृत्ती स्वीकारली, तेच फसले.

तेव्हा फुकटेपणालाच दोष द्यावा काय? तसे नाही. विकत मिळणाऱ्या ‘स्लायडर रिव्होल्यूशन’मधील त्रुटीमुळेही डिसेंबर २०१४ मध्ये गूगलला ११ हजारांहून अधिक संकेतस्थळे काळ्या यादीत टाकावी लागली. खरा प्रश्न देखभालीच्या खर्चाचा आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, प्लगिनचा लाभ लाखोंना होतो, पण त्याच्या निगराणीचा भार एखाददुसरा विनावेतन कार्यकर्ता वाहतो. तो थकला, की प्लगिन बेवारस होते. शिवाय निष्काळजीपणाचे नुकसान संस्थेपेक्षा, जिच्या भरवशावर आपली माहिती दिली, त्या विद्यार्थ्याला अथवा ठेवीदाराला अधिक सोसावे लागते. ज्याला झळ बसत नाही, त्याला घाई कशी वाटावी?

संस्थांच्या अंदाजपत्रकात इमारतीच्या डागडुजीसाठी रक्कम असते. संकेतस्थळासाठी मात्र बहुधा उभारणीपुरतीच तरतूद होते. ही पद्धत बदलली पाहिजे. कोणते प्लगिन कशासाठी बसवले, याची नोंदवही असावी. नको असलेले नुसते बंद न करता काढून टाकावेत, कारण बंद प्लगिनच्या फाइली जागेवरच राहतात. ऑगस्ट २०२० पासून वर्डप्रेसमध्ये प्लगिन आपोआप अद्ययावत होण्याची सोय आहे. ती वापरावी, पण मालकी बदलल्याच्या वार्तेवरही लक्ष असावे. संपूर्ण मजकुराची प्रत अन्यत्र जतन करावी. आणि या कामासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमून तिला त्याचा मोबदला द्यावा. ही तरतूद करण्याची ज्या संस्थेची तयारी नाही, तिने निदान लोकांची खासगी माहिती तरी संकेतस्थळावर मागू नये.