घर बांधताना : भिंतीला काम कोणते?



सुगीचा पैसा हाती आला की गावोगावी घराच्या गोष्टी निघतात. गवंडी विचारतो, "दगड घ्यायचा की वीट?" आणि आपण शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवतो. तसे करू नका. कोणत्या भिंतीला काम कोणते, ते आधी ठरवा.

बाहेरची भिंत ऊनपाऊस सोसते आणि छताचा भार पेलते. ती विटेची असेल तर ९ इंची हवी. माल १ भाग सिमेंटला ६ भाग वाळू. आतली भिंत नुसता आडोसा असेल, तर साडेचार इंची पुरते. मात्र तिला माल एकास चार घ्या. आतल्या भिंतीवर छत किंवा तुळई टेकणार असेल, तर तीही ९ इंचीच बांधा. बांधकामावर निदान ७ दिवस पाणी मारा.

वीट पारखून घ्या. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यावा. नखाने ओरखडा उठू नये. कोरडी वीट तोलून २४ तास पाण्यात ठेवा. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली, तर ती परत करा. कोकणात चांगला चिरा मिळतो, तिथे विटेचा हट्ट नको. खाणीतला ताजा चिरा मात्र काही काळ वाऱ्यावर ठेवा. तो कठीण होतो.

देशावर दगड घरचाच, म्हणून मातीत रचलेल्या जाड भिंती उभ्या राहतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. दोष दगडाचा नव्हता. भिंतीचे आतले व बाहेरचे अंग एकमेकांत गुंतलेले नव्हते. धक्का बसताच दोन्ही सुटली आणि वरचे जड माळवद खाली आले.

दगड जरूर वापरा, पण सिमेंटच्या मालात. दर २ फूट उंचीला, चार-चार फुटांवर, भिंतीच्या आरपार जाणारा दगड घाला. जोत्यावर आणि दारे-खिडक्यांच्या वर सळ्या घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा आतल्या-बाहेरच्या सर्व भिंतींवरून फिरवा.

पैसा कमी पडला तर रंगरंगोटी पुढच्या सुगीवर टाका. आरपार दगड आणि पट्टा मात्र आताच घाला. त्या भिंतींच्या आधाराने तुमची लेकरे निजणार आहेत.