बंदूक कुणाची, बदनामी कुणाची

पेण तालुक्यातल्या जोहे गावात ‘गन’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर येतो. “गन धुऊन ठेव रे”, “गनमध्ये रंग अडकलाय”, “आधी सोवळ्याला गन मार, मग आखणीला दे”. कंप्रेसरच्या नळीला जोडलेली ही रंग उडवायची गन. जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने घरोघरी आहेत, आणि मूर्तीवर रंगाचा पहिला हात या गननेच चढतो.

अशाच एका कारखान्यात मेअखेरीस बसलो होतो. कच्च्या मूर्तींच्या रांगांमध्ये विशीतला एक मुलगा साच्याच्या जोडाची रेघ पॉलिश पेपरने घासत होता. मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, आहे. बोलतो थोडं, तेही ठरलेलं. कंप्रेसर घरघरला की दोन्ही कान झाकून घेतो आणि आवाज थांबला की पुन्हा कामाला लागतो. घासून झालेल्या मूर्ती तो उंचीच्या क्रमाने लावतो. मधलीच एखादी कुणी हलवली तर ती परत जागेवर आणेपर्यंत त्याला चैन पडत नाही. त्याच्या हाताखालून गेलेल्या मूर्तीवर बोट फिरवलं तर जोड कुठे होता ते कळत नाही.

मूर्ती न्यायला आलेल्या टेम्पोबरोबरचा एक माणूस मोबाइलवर परदेशातल्या गोळीबाराची बातमी बघत होता. म्हणाला, “गोळ्या घालणारा ऑटिस्टिक होता म्हणे. असल्या पोरांचा काही भरवसा नसतो.” बोलता बोलता त्याची नजर त्या मुलाकडे गेली. मुलाची आई शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. मुलाच्या पुढ्यात पडलेली लोखंडी कोरणी तिने हळूच उचलली आणि आपल्या मांडीखाली सरकवली.

ज्या कोरणीने तो मुलगा रोज मूर्तीचे कोपरे साफ करतो, ती त्याच्या हातात धोक्याची ठरायला एक वाक्य पुरलं. ते वाक्य चुकीचं आहे. का चुकीचं आहे, ते मुद्देसूद मांडणं मला गरजेचं वाटतं.

आधी पूर्वपक्ष. असं बोलणारी सगळी माणसं दुष्ट नसतात. त्यांचं म्हणणं साधारण तीन गोष्टींवर उभं असतं. एक, काही मोठ्या गोळीबारांत हल्लेखोराला स्वमग्नतेचं निदान झालेलं होतं. दोन, स्वमग्न माणसाला दुसऱ्याचं दुःख कळत नाही, म्हणून त्याला मारायला काही वाटत नाही. तीन, अशा मुलांना संतापाचे झटके येतात. त्या वेळी हाताशी बंदूक असली तर काय होईल? या तिन्हींतून निष्कर्ष निघतो तो असा की या माणसांना शस्त्रापासून आणि जमलं तर समाजापासूनही चार हात लांब ठेवावं.

पहिला मुद्दा घेऊ. त्याचं मूळ बहुतेकदा अमेरिकेतल्या न्यूटाउनपाशी जातं. १४ डिसेंबर २०१२ रोजी तिथल्या सँडी हूक प्राथमिक शाळेत एका वीस वर्षांच्या तरुणाने २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली. त्याआधी घरी स्वतःच्या आईला मारलं होतं. त्याला अ‍ॅस्पर्जरचं, म्हणजे स्वमग्नतेच्याच एका प्रकाराचं, निदान झालेलं होतं, हे खरं. बातमी तेवढ्यावर थांबली आणि जगभर पसरली. पण कनेटिकट राज्याच्या बालहक्क कार्यालयाने २०१४ मध्ये या तरुणाच्या सगळ्या आयुष्याचा तपशीलवार अहवाल दिला. स्वमग्नतेमुळे हे हत्याकांड घडलं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. त्याची मानसिक प्रकृती वर्षानुवर्षं ढासळत गेली होती, हिंसेचा ध्यास त्याच्या मनात वाढत गेला होता आणि प्राणघातक शस्त्रं घरातच हाताशी होती, या गोष्टी एकत्र आल्याचं अहवाल सांगतो. शस्त्रं आईने कायदेशीरपणे विकत घेतलेली होती. बातमीत निदान ठळक छापलं गेलं आणि कपाटातल्या बंदुका खालच्या ओळीत गेल्या.

कुणी म्हणेल, एका घटनेवरून काय ठरतं? रास्त प्रश्न आहे. म्हणून मोठा अभ्यास बघू. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये २,९५,७३४ तरुणांच्या नोंदी तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत ५,७३९ जण स्वमग्न होते. हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांचं प्रमाण स्वमग्न गटात ४.४ टक्के निघालं, इतरांत २.६ टक्के. पूर्वपक्षाच्या बाजूचा हा आकडा मी लपवत नाही. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. स्वमग्नतेच्या जोडीला ज्यांना अतिचंचलता किंवा वर्तनविकार होता त्यांचा हिशेब वेगळा केल्यावर स्वमग्नता आणि हिंसा यांचा संबंध उरला नाही. याचा अर्थ आता अतिचंचल मुलांवर नवा शिक्का मारावा असा नाही. त्यांना वेळेवर मदत मिळावी, एवढाच आहे. आणि ४.४ टक्क्यांची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. शंभरातल्या पंचाण्णव स्वमग्न तरुणांच्या नावावर हिंसक गुन्ह्याची एकही शिक्षा नव्हती.

दुसरा मुद्दा ‘यांना दुसऱ्याचं दुःख कळत नाही’ हा. या समजुतीला एक जुना गोंधळ कारण आहे. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९११ मध्ये स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण सांगताना वापरला. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करताना तोच शब्द उचलला. पुढे कित्येक वर्षं स्वमग्नतेला लहानपणचा स्किझोफ्रेनियाच समजलं गेलं. अमेरिकी मनोविकार सूचीत दोन्ही वेगळे झाले ते १९८० मध्ये. स्वमग्नता ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे. ती वेड नव्हे, रोगाचा झटका नव्हे आणि कुणी केलेली करणीही नव्हे. आपल्या मराठी शब्दानेही थोडा घोळ केला आहे. ‘स्वमग्न’ ऐकलं की आपल्यातच रमलेला, दुसऱ्याशी देणंघेणं नसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचं मन ओळखणं अनेक स्वमग्न माणसांना अवघड जातं. पण कळल्यावर वाईट न वाटणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की ही अडचण दोन्हीकडून असते: त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. कारखान्यातल्या त्या मुलाला टेम्पोवाल्याचं मन वाचता आलं नसेल. टेम्पोवाल्याला तरी त्या मुलाचं किंवा त्याच्या आईचं मन कुठे वाचता आलं?

तिसरा मुद्दा झटक्यांचा. इथे आईबापांचा अनुभव नाकारून चालणार नाही. गोंगाट, गर्दी, झगमगाट, अचानक मोडलेला दिनक्रम असह्य झाला की काही मुलं किंचाळतात, डोकं आपटून घेतात, हाताला चावतात, अडवणाऱ्याला ढकलतातही. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या डीजेसमोर हे घडताना अनेक घरांनी पाहिलं आहे. पण तो सहन होत नसलेल्या यातनेचा उद्रेक असतो. बंदूक मिळवणं, गोळ्या जमवणं, माणसं हेरणं आणि वेळ साधणं याला लागते ती आखणी. या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे. आवाज कमी केला की पहिली गोष्ट शमते. दुसऱ्या गोष्टीचा आवाजाशी संबंधच नसतो.

आता आपल्याच राज्यात बंदुका कुणी चालवल्या ते पाहू. २२ एप्रिल २००६ रोजी वरळीतल्या घरात भाजपचे नेते प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या सख्ख्या भावाने परवान्याच्या पिस्तुलाने गोळ्या झाडल्या. ३ मे रोजी ते गेले, आणि २००७ मध्ये न्यायालयाने भावाला जन्मठेप सुनावली. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईच्या उपनगरात फेसबुक लाइव्ह सुरू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. तिथे वापरलेलं पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं होतं. सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची फेरतपासणी करावी लागली आणि अनेक परवाने गेले. भाऊबंदकी, वैर, सत्तेची घमेंड आणि हाताशी असलेलं पिस्तूल एवढंच या प्रकरणांतून दिसतं. कोकणात ठासणीची बंदूक घेऊन रात्री रानात शिरलेल्यांपैकीच एखाद्याला जनावर समजून गोळी लागल्याच्या बातम्याही आपण वाचतो. यांतल्या कुठल्याच प्रकरणात स्वमग्नतेचा संबंध नाही. तरी भावाने भाऊ मारला म्हणून ‘भावांचा भरवसा नसतो’ असं कुणी म्हणत नाही.

उलट बंदुकीपुढे स्वमग्न माणूस कुठे उभा असतो, ते १८ जुलै २०१६ रोजी अमेरिकेतल्या नॉर्थ मायामीत दिसलं. एक स्वमग्न तरुण रस्त्यात बसून खेळण्यातल्या ट्रकशी खेळत होता. कुणीतरी पोलिसांना कळवलं की त्याच्या हातात बंदूक आहे. त्याचा सांभाळ करणारे चार्ल्स किन्सी हात वर करून रस्त्यावर उताणे पडले आणि ओरडून सांगत राहिले की ते खेळणं आहे. तरीही पोलिसाने त्या तरुणावर नेम धरला, आणि गोळी लागली किन्सी यांच्या पायाला. हातातलं खेळणं बंदूक दिसलं, कारण बघणाऱ्याच्या डोक्यात भीती आधीच भरलेली होती. जोह्यात कोरणी मांडीखाली गेली, तीही त्याच भीतीने.

आपला कायदा या बाबतीत आपल्या बोलण्यापेक्षा शहाणा आहे. शस्त्र बाळगणं हा भारतात हक्क नाही, ती परवानगी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकारी पोलिसांचा अहवाल मागवतात. २०१६ च्या नियमांनुसार शारीरिक आणि मानसिक आरोग्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावं लागतं. एकवीस वर्षांखालच्याला परवाना मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. कलम १४ प्रमाणे मनोविकल व्यक्तीला परवाना नाकारला जातो. या शब्दाच्या आडून स्वमग्नतेला ओढायचा मोह होईल, पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि मानसिक आजार वेगवेगळे नोंदले आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तर म्हणतो की नुसत्या मानसिक आजाराच्या निदानावरूनसुद्धा, सक्षम न्यायालयाने ठरवल्याशिवाय, कुणाला मनोविकल मानता येत नाही.

कुणी मला उलट बाजूने विचारतं, “मग स्वमग्न माणसाला बंदूक द्यावी असं म्हणता?” मी कुणालाच सहज बंदूक द्यावी असं म्हणत नाही. रानडुकरांपासून भात वाचवायला शेती संरक्षणाचा परवाना मागणारा शेतकरी असो की स्वमग्न पदवीधर, दोघांना प्रश्न एकच हवेत. गरज खरी आहे का? पूर्वी कुणाला धमकावलं आहे का? दारूचा नाद, घरात मारहाण, वैर आहे का? शस्त्र कुलपात राहील का? यांची उत्तरं माणसाच्या वागण्यातून मिळतात, जन्मजात घडणीतून मिळत नाहीत.

जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची चूक या मातीने एकदा भोगली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः चोर ठरवल्या. पारध्यांच्या माथी तो शिक्का बसला, पेणच्या डोंगरातल्या कातकऱ्यांच्याही बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कागदावरचा शिक्का निघाला. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी कुठल्या वस्तीकडे वळते, ते आपल्याला माहीत आहे. कायद्याने पुसलेला शिक्का मनातून पुसायला पिढ्या लागतात. मग नवा शिक्का कशाला मारायचा?

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. पत्रकारांनी गोळीबाराच्या बातमीत आधी तीन गोष्टी लिहाव्यात: शस्त्र कुणाचं, ते हाती कसं पडलं, आणि आधी दिलेल्या धमक्यांकडे कुणी दुर्लक्ष केलं. पोलीस ठाण्यांत शिकवावं की जो नजर चुकवतो, हाक मारल्यावर उत्तर देत नाही किंवा शिट्टी ऐकून पळतो, तो संशयितच असतो असं नाही; तो घाबरलेला स्वमग्न माणूस असू शकतो. परवाना असलेल्या प्रत्येक घरात बंदूक आणि काडतुसं वेगवेगळी, कुलपात राहावीत, मग घरात मूल कसंही असो. आणि चारचौघांत अशा मुलाचा हेतुपुरस्सर अपमान होत असेल तर गप्प बसू नये. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ नुसार तो गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे.

त्या दिवशी कारखान्यात मीही गप्प बसलो, याची मला खंत आहे. टेम्पो गेल्यावर मुलगा आजूबाजूला कोरणी शोधत राहिला. एक मूर्ती त्याच्या पुढ्यात अर्धी साफ होऊन थांबली होती. शेवटी आईने कोरणी बाहेर काढून त्याच्या हातात दिली, आणि त्याने राहिलेला कोपरा साफ केला. तुमच्यासमोर कुणी असं बोललं तर तिथल्या तिथे, त्या आईला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा की हे खोटं आहे.