‘५२५ पट’ला भुलू नका!

हिंजवडीच्या आयटी पार्कचे दिवे रात्रभर चालू. मारुंजीच्या गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा काही दिसत नाही. मग दुर्बीण घेण्यात अर्थच नाही? असं मुळीच नाही, मित्रांनो! चंद्रावरची विवरं, गुरूचे चार चंद्र, शनीची कडी एवढ्या उजेडातही दिसतात.

प्रश्न आहे तो साठवलेला पॉकेटमनी कशावर घालायचा याचा. खोक्यावरच्या ‘५२५ पट’ या आकड्यावर जाऊ नका. बघा तो पुढच्या भिंगाचा व्यास. ७० मिमी भिंगातून साधारण १४० पटींपुढे चित्र मोठं होतं, पण धूसर. नाभीय अंतर ७०० मिमी असेल, तर २५ मिमीच्या आयपीसने २८ पट आणि १० मिमीच्या आयपीसने ७० पट मिळतात. सुरुवातीला एवढं भरपूर. स्टँड मात्र दणकट हवा, नाहीतर शनी नुसता नाचत राहील. आणि पुढच्या भिंगावर सौरफिल्टर नसेल, तर सूर्याकडे दुर्बीण कधीच वळवू नका. डोळा कायमचा जाईल.

पुण्यात १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. अशा आकाशदर्शनाला आधी एकदा जा, दुसऱ्याच्या दुर्बिणीला डोळा लावा, मगच खिशात हात घाला. तारे कुठे पळून जात नाहीत!