मेडिकल जाईल म्हणून…

विमान दहा किलोमीटर उंचीवर आहे. कॉकपिटमधला एक वैमानिक बोटाला सुई टोचतो, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतो आणि मीटरवरचा आकडा वाचतो. आपल्याकडच्या मापात 90 ते 270च्या दरम्यान आकडा आला, तर काम पुढे चालू. 72 ते 90च्या मध्ये आला, तर दहा-पंधरा ग्रॅम कर्बोदके मिळतील असे काहीतरी खायचे आणि अर्ध्या तासाने पुन्हा टोचायचे. 72च्या खाली गेला, तर विमान शेजारच्या वैमानिकाच्या हाती सोपवायचे. उड्डाणाआधी एक तपासणी, मग दर तासाला एक, आणि उतरण्याआधीच्या अर्ध्या तासात आणखी एक.

इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहींना ब्रिटनने 2012 पासून या अटींवर व्यावसायिक विमाने उडवू दिली. पुढे आयर्लंड आणि ऑस्ट्रियानेही हाच मार्ग धरला. अशा 49 वैमानिकांच्या 22,078 उड्डाणतासांतील 38,621 नोंदींचा अभ्यास 2020मध्ये प्रसिद्ध झाला. 97 टक्क्यांहून अधिक नोंदी सुरक्षित पट्ट्यातल्या होत्या आणि एकही वैमानिक साखरेमुळे उड्डाणात अक्षम झाला नव्हता. घरात मधुमेही असलेल्या कुणालाही हे आकडे चकित करतील. जमिनीवर राहूनसुद्धा इतकी शिस्त फार थोड्यांना जमते. अमेरिकेनेही नोव्हेंबर 2019मध्ये व्यावसायिक वैमानिकांसाठी हे दार उघडले. त्यासाठी साखरेवर सतत नजर ठेवणारा सेन्सर अंगावर लावण्याची अट घातली.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टात मात्र इन्शुलिन घेणारा उमेदवार सरळ ‘अनफिट’ ठरतो. त्याच परिशिष्टात एक पळवाटही आहे: उणीव असूनही उड्डाणाच्या सुरक्षिततेला धोका नाही, असा मान्यताप्राप्त तज्ज्ञांचा निष्कर्ष असेल तर सूट देता येते. पळवाट हा शब्द जरा कठोर झाला, कारण ती विचारपूर्वक ठेवलेली वाट आहे. ती वापरायची की नाही, हे त्या त्या देशाने ठरवायचे.

प्रवासी म्हणून आपला पहिला प्रश्न रास्तच असतो: आजारी माणसाच्या हाती विमान कशाला? काही आजारांपुढे चर्चा संपते. अनियंत्रित अपस्मार किंवा वास्तवाचे भान सुटणारा मनोविकार असेल, तर उड्डाण नकोच. त्याखेरीजच्या आजारांसाठी युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी एक हिशेब मांडला होता. दोन वैमानिकांच्या विमानात, वर्षभरात अचानक अक्षम होण्याची शक्यता एक टक्क्यापेक्षा कमी असेल, तर तो धोका पत्करता येतो. शंभर टक्के निरोगी माणसाची अट घातली, तर चाळिशीनंतर फारसे कुणी कॉकपिटमध्ये दिसणार नाही.

खरा घोर लावतो तो फाइलबाहेरचा आजार. अमेरिकेत 3,765 वैमानिकांच्या एका सर्वेक्षणात 56 टक्क्यांनी मान्य केले, की मेडिकल (वैद्यकीय प्रमाणपत्र) जाईल या भीतीने आपण कधी ना कधी डॉक्टर टाळला आहे किंवा त्याच्यापासून माहिती लपवली आहे. 2023मध्ये तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने सुमारे 4,800 माजी सैनिक वैमानिकांची चौकशी केल्याचे उघड झाले. एका सरकारी खात्याकडून हे लोक अपंगत्वाचा भत्ता घेत होते आणि दुसऱ्या खात्याच्या फॉर्मवर त्या आजाराबद्दल चकार शब्द काढत नव्हते, असा संशय होता. फॉर्मवर खोटे लिहिणे गुन्हाच आहे आणि त्याचे समर्थन होऊ नये. पण निम्म्याहून अधिक लोक डॉक्टरला चुकवत असतील, तर दोष फक्त माणसांत शोधून भागत नाही.

याचे सर्वात भीषण उदाहरण जर्मनविंग्ज या विमान कंपनीचे. 24 मार्च 2015ला आंद्रेआस लुबिट्झ या सहवैमानिकाने विमान आल्प्सच्या डोंगरावर आदळवले आणि त्याच्यासह 150 जणांचा जीव गेला. त्याच्या क्रूरतेला सबब नाही. फ्रेंच तपास अहवालात मात्र काही बारीक तपशील आहेत, आणि ते धोरण ठरवणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा वाचावेत असे आहेत. नैराश्याच्या जुन्या नोंदीमुळे त्याच्या प्रमाणपत्रावर आधीच शेरा होता. डोक्यावर प्रशिक्षणाचे 41 हजार युरोंचे कर्ज होते. परवाना गेल्यास बुडणाऱ्या पगाराची भरपाई देणारा विमा त्याच्याकडे नव्हता. दुर्घटनेच्या दोन आठवडे आधी एका डॉक्टरने त्याला मनोरुग्णालयात दाखल होण्याचा सल्ला दिला होता. त्याने तो कंपनीला सांगितला नाही आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्या कुणीही प्रशासनाला कळवले नाही. म्हणूनच तपासयंत्रणेने सहकाऱ्यांचे आधारगट आणि परवाना गेल्यास होणाऱ्या आर्थिक नुकसानाची तजवीज या दोन्ही गोष्टी सुचवल्या.

आता आपल्याकडे वळू. गोंदिया, बारामती, धुळे इथे मुले विमान उडवायला शिकतात आणि व्यावसायिक परवान्यापर्यंत पोहोचेतो पन्नास लाखांच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त खर्च होतो. कुणी शेत विकते, कुणी घर गहाण टाकते. शिकाऊ परवान्यासाठी क्लास 2 आणि व्यावसायिक परवान्यासाठी क्लास 1 अशा दोन पायऱ्यांची तपासणी असते. अडचण निघाली, तर ‘तात्पुरते अनफिट’चा शिक्का बसतो आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय केंद्रात पुन्हा हजर राहावे लागते. एवढा पैसा अडकल्यावर लहानपणीचा दमा किंवा कॉलेजात वर्षभर घेतलेली नैराश्याची गोळी फॉर्मवर लिहायला पेन धजावत नाही.

नियम बदलतच नाहीत, असेही नाही. केरळच्या अ‍ॅडम हॅरी या ट्रान्स तरुणाला 2020मध्ये तपासणीत नकार मिळाला. हार्मोन उपचार हा त्यातला कळीचा मुद्दा होता. प्रश्न लावून धरल्यावर ऑगस्ट 2022मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) अशा उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. फेब्रुवारी 2023मध्ये वैमानिकांच्या मानसिक आरोग्यासाठी परिपत्रक आले आणि त्यात सहकाऱ्यांच्या आधारगटांचा समावेश होता. अहमदाबादच्या विमान अपघातानंतर चार दिवसांनी, 16 जून 2025ला, एअर इंडियाच्या 112 वैमानिकांनी आजारपणाची रजा टाकली, असे पुण्याचे खासदार आणि नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत लेखी उत्तरात सांगितले. मोहोळ यांनी त्याच वेळी या परिपत्रकाचा दाखलाही दिला. रजा टाकणाऱ्यांकडे संशयाने पाहण्याची आपली सवय या निमित्ताने सुटली तर बरे. ‘आज मी उडवण्याच्या स्थितीत नाही’ असे सांगणारा वैमानिक त्याचे कामच करत असतो.

डीजीसीएने आता तीन गोष्टी कराव्यात. कोणत्या आजाराला कोणते रिपोर्ट लागतील आणि निर्णय किती दिवसांत मिळेल, हे आजारवार, सोप्या भाषेत जाहीर करावे. इन्शुलिन घेणाऱ्या वैमानिकांसाठी दोन वैमानिकांच्या विमानांपुरता, ब्रिटनच्या धर्तीवर मर्यादित प्रयोग सुरू करावा. आणि परवाना गेल्यास उत्पन्न सावरणारा विमा प्रत्येक विमान कंपनीला बंधनकारक करावा.

तोवर पालकांनी एवढे करावे: फ्लाइंग स्कूलचा पहिला हप्ता भरण्याआधी मुलाची क्लास 2बरोबर क्लास 1चीही तपासणी करून घ्यावी, आणि जाताना जुन्या आजारपणाची फाइल घरी ठेवू नये.