पोहोचेल तो जिंकेल

अंधेरी, गोरेगाव, बोरिवलीचे नागरिक ज्या स्वामी विवेकानंद मार्गावरून रोज धक्के खात प्रवास करतात, त्याला पूर्वी घोडबंदर रोड म्हणत. अरबस्तानातून आलेले घोडे खाडीकाठच्या ज्या बंदरात उतरत, त्याचे हे नाव, असे परंपरा सांगते. आज त्या वाटेवर घोडा दिसलाच तर तो लग्नाच्या वरातीत, बँडच्या गोंगाटाने बुजलेला दिसतो. पण उपनगरांत घोड्याचे आणखी एक दर्शन घडते आणि ते लज्जास्पद आहे. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गांवर सुटीच्या दिवशी पहाटे टांग्यांच्या बेकायदा शर्यती लावल्याच्या बातम्या गेल्या दहा वर्षांत एकदा नव्हे, अनेकदा आल्या. डांबरावर घोडे उधळायचे, भोवती मोटारसायकलींनी गलका करायचा आणि आतून पैजा मारायच्या, असा हा प्रकार. चित्रफीत गावभर फिरली की मग गुन्हा नोंदवला जातो. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच!

शनिवार-रविवारीच खेळला जाणारा घोड्यांचा दुसरा एक खेळ आहे. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना तो अपरिचित असेल. त्याला इंग्रजीत एन्ड्युरन्स रायडिंग म्हणतात. आपण त्याला दीर्घ पल्ल्याची अश्वदौड म्हणू. हौशी स्वारांसाठी चाळीस-साठ किलोमीटरचे पल्ले असतात, तर जागतिक अजिंक्यपदासाठी एकाच दिवसात 160 किलोमीटर अंतर तोडावे लागते. मार्ग माळरानाचा, डोंगरउतारांचा, पाणंदींचा असतो. या अंतराचे टप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पशुवैद्य उभा असतो. या खेळाचे सारे मर्म त्या पशुवैद्यात आहे.

स्वार टप्प्यावर आला की खोगीर उतरवून घोड्याच्या अंगावर पाणी ओततात. ठरावीक मिनिटांत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारणतः 64 च्या खाली यावे लागतात. विश्रांतीत असलेल्या घोड्याचे ठोके तीस-चाळीसच्या घरात असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल. मग पशुवैद्य त्याच्या हिरड्यांचा रंग पाहतो, कातडी चिमटीत धरून शरीरातले पाणी किती उरले आहे याचा अंदाज घेतो, पोटाला कान लावून आतड्यांचा आवाज ऐकतो आणि दुडक्या चालीने पळवून तो लंगडतो काय ते तपासतो. यांत कोठेही उणे आढळले की स्वार सर्वांत पुढे असला तरी बाद! अखेरचा टप्पा सर्वांआधी पार केलेला घोडादेखील तपासणीत उतरला नाही तर विजेता ठरत नाही. म्हणून या खेळातील लोकांचे ब्रीद आहे की, जो पोहोचला तो जिंकला.

हे शहाणपण माणसाला सहजासहजी सुचलेले नाही. 1892 साली ऑस्ट्रिया आणि जर्मनीच्या लष्करी अधिकाऱ्यांत व्हिएन्ना आणि बर्लिन यांच्यामध्ये घोडदौडीची चुरस लागली. सुमारे पावणेसहाशे किलोमीटरचे अंतर पहिला आलेल्या स्वाराने तीन दिवसांच्या आत कापले. त्याला बक्षीस मिळाले. त्याचा घोडा मात्र मेला, आणि त्या चढाओढीत मेलेला तो एकटाच घोडा नव्हता. पुढे 1955 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतून शंभर मैलांची एक दौड सुरू झाली आणि आजच्या खेळाचा पाया घातला गेला. तेथे 24 तासांत शंभर मैल पुरे करणे हा पराक्रम, आणि घोडा त्यानंतरही धडधाकट असणे ही त्या पराक्रमाची अट. मधल्या त्रेसष्ट वर्षांत माणूस शिकला असेल तर तो एवढेच, की वाहनाचा बळी देऊन गाठलेला पल्ला हा पल्लाच नव्हे.

या क्षेत्रात भारतीयांनी आता पाऊल टाकले आहे. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील निदा अंजुम या तरुणीने 2023 साली फ्रान्समध्ये तरुण स्वारांच्या जागतिक स्पर्धेत 120 किलोमीटरची दौड पुरी केली, आणि 2024 साली तेथेच ज्येष्ठांच्या स्पर्धेत 160 किलोमीटरची. पदक मिळाले नाही म्हणून या कर्तबगारीचे मोल कमी होत नाही. ज्या खेळात कित्येक नामांकित स्वार वाटेतच बाद होतात, तेथे घोड्यासह अखेरपर्यंत पोहोचणे हीच परीक्षा.

हा खेळ निष्कलंक आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. घोड्यांच्या हेळसांडीच्या तक्रारींवरून 2015 साली जागतिक अश्वारोहण महासंघाने संयुक्त अरब अमिरातीच्या राष्ट्रीय संघटनेला निलंबित केले होते. 2018 साली अमेरिकेत ट्रायन येथे जागतिक स्पर्धेची दौड उष्मा आणि दमटपणामुळे मध्येच रद्द करावी लागली. नियम कागदावर असून भागत नाही; तो राबवणारा कठोर माणूस मैदानावर लागतो. ट्रायनचा धडा मुंबईकरांनी तर विशेष ध्यानी घ्यावा. घोडा माणसासारखाच घामाने अंग निववतो आणि दमट हवेत घाम वाळत नाही. आमच्या समुद्रकाठच्या हवेत, तापलेल्या डांबरावर घोडा पळवणे म्हणजे त्याला आतून शिजवणे होय.

मराठी माणसाला घोड्याचे नाते नवे शिकवायला नको. 1737 साली दिल्लीवर झडप घालताना बाजीरावाने दहा दिवसांची मजल दोन दिवसांत मारली, हे अभिमानाने सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. पण त्या फौजेतील शिलेदार स्वतःच्या घोड्यावर लढे. घोडा गेला की त्याची शिलेदारी गेली, हे तो जाणून असे. घोड्याचा दम राखणे हा त्याच्या पोटाचा प्रश्न होता. भीमेच्या खोऱ्यातले ते चिवट भीमथडी तट्टू आजही धनगरांचे बिऱ्हाड पाठीवर वाहते. 2023 साली त्याची स्वतंत्र भारतीय जात म्हणून नोंदही झाली. परंतु नोंदवहीतला मान पोट भरत नाही. जनावराला काम मिळाले तरच त्याची पैदास टिकते.

म्हणूनच आमची सूचना अशी की, महाराष्ट्र शासनाने आणि अश्वारोहणाच्या संस्थांनी हिवाळ्यात घाटमाथ्यावरील माळावर दोन दिवसांची अशी दौड दरवर्षी भरवावी. पल्ला आरंभी चाळीस किलोमीटरचाच असू द्यावा आणि भीमथडीसाठी स्वतंत्र गट ठेवावा. हा श्रीमंतांचा शौक आहे, असा आक्षेप येईल. परदेशी घोडे आणि क्लबांचे कुंपण एवढ्यापुरताच तो राहिला तर आक्षेप खरा ठरेल. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याची पारख करणारा शेतकरी आणि तांड्याबरोबर चालणारा धनगर यांना प्रवेश मिळाला, तर मात्र तो खोटा ठरेल. 1886 साली स्थापन झालेले मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय जवळच आहे. तेथील विद्यार्थ्यांना टप्प्याटप्प्यावर उभे राहण्याइतके उत्तम शिक्षण दुसरे कोणते?

आणि उपनगरवासीयांचे कर्तव्य? ते याहून सोपे आहे. हौसेच्या घोडागाड्या मुंबई उच्च न्यायालयाने 2015 सालीच बेकायदा ठरवल्या. तरीही महामार्गांवर पहाटे टापा वाजतात तेव्हा खिडकीतून मौज पाहणारे किंवा चित्रफीत काढून मित्रांना धाडणारे सुशिक्षितच असतात. त्यांनी त्याच क्षणी पोलिसांना कळवावे आणि पोलिसांनी तेव्हाच धावून जावे. धावणाऱ्या घोड्याचे कौतुक करण्याचा अधिकार, तो थकल्यावर त्याला थांबवण्याची तयारी असणाऱ्यालाच आहे.